भाचीला फिजिक्सही हवंय आणि इलेक्ट्रिकलही: पाच वर्षांत दोन डिग्र्या घ्याव्यात का?

निशिगंधा_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्या ताईची मुलगी यंदा बारावी झाली. बिटसॅटच्या (बिट्सची प्रवेश परीक्षा) मार्कांवर तिला बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला एमएस्सी फिजिक्स मिळतंय. पहिल्या वर्षाच्या मार्कांवर तिथे दुसरी डिग्री इंजिनिअरिंगची घेता येते आणि तिला इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स हवंय. इकडे कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रवेशफेऱ्यांत, पुण्याला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचं इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं दिसतंय.

दाजींचं म्हणणं, दोन डगरींवर पाय ठेवू नये, सरळ सीओईपी घ्यावं. ताईला गोवा लांब वाटतं. भाची काही बोलत नाही, पण रात्री दोन वाजता यूट्यूबवर क्वांटमची लेक्चरं बघत बसलेली सापडते. मी पडले बँकेतली, मला यातलं ओ का ठो कळत नाही. कुणी हे केलंय का? फायदा होतो की नुसतीच दमछाक? आणि घरच्यांशी काय बोलू?

अर्धाचहा

वाचतोय. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हाच तमाशा चालू आहे, फक्त तिथे फिजिक्सऐवजी मॅथ्स आहे.

झुआरीकर

मी हेच केलंय. बी५ए३, म्हणजे बिट्सच्या भाषेत एमएस्सी फिजिक्स आणि ट्रिपल ई (इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स). कॅम्पस झुआरीनगरला, दाबोळी विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. सांगलीहून रात्रीची बस पकडली की सकाळी गोव्यात, त्यामुळे ‘लांब’ हा मुद्दा ताईंनी सोडून द्यावा.

आधी रचना सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच. ते संपल्यावर सीजीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, आणि पसंतीक्रम बघून इंजिनिअरिंगची शाखा मिळते. सगळ्यात जास्त मारामारी कॉम्प्युटर सायन्ससाठी, त्याच्या खालोखाल इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखांसाठी. म्हणजे आज हातात आहे ते फक्त फिजिक्स. ट्रिपल ई पहिल्या वर्षी कमवावं लागतं. हे घरात सगळ्यांना नीट कळलेलं असू द्या, नाहीतर पुढच्या जूनमध्ये रडारड होते.

दुसऱ्या वर्षी मुख्यतः फिजिक्सचे सीडीसी, म्हणजे सक्तीचे विषय: क्लासिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, क्वांटम, मॅथेमॅटिकल मेथड्स. तिसऱ्या वर्षापासून इलेक्ट्रिकलचा मारा सुरू होतो: सिग्नल्स, कंट्रोल, मायक्रोप्रोसेसर, मशीन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. इलेक्ट्रिकलच्या वर्गात आजूबाजूला एक वर्षाने ज्युनिअर मुलं बसलेली असतात. सुरुवातीला जरा चमत्कारिक वाटतं, मग त्यांच्याच नोट्स मागून घेतो. तिसरं वर्ष मात्र खरंच रगडून काढतं. एकाच आठवड्यात स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सची टेस्ट आणि मायक्रोप्रोसेसरचं लॅब. हजेरीची सक्ती नाही, त्यामुळे झोपून राहणाऱ्याला कुणी उठवत नाही. घोट, म्हणजे घासून अभ्यास करणारी मुलं तरतात, लाइट, म्हणजे हलक्यात घेणाऱ्यांचं अवघड होतं.

पाचव्या वर्षाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. दोन डिग्र्या असल्यामुळे एका सेमिस्टरला थिसिस आणि दुसऱ्याला प्रॅक्टिस स्कूल, म्हणजे कंपनीत साडेपाच महिने, असं दोन्ही करता येतं. एका डिग्रीवाल्याला बहुधा यातलं एकच निवडावं लागतं. मी थिसिस फिजिक्सची केली आणि प्रॅक्टिस स्कूल चिप डिझाइनच्या कंपनीत. दोन्ही जगं आतून पाहायला मिळाली आणि कुठे राहायचं ते त्यानंतरच ठरवलं.

वायरमन

वरच्या प्रतिसादात उत्साह पुष्कळ आहे. मी जरा पाणी ओततो.

वीज वितरणात माझं उभं आयुष्य गेलं. सबस्टेशनवर येणाऱ्या ज्युनिअर इंजिनिअरला क्वांटम येतं का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. रिले सेटिंग येतं का, सिंगल लाइन डायग्राम वाचता येतो का, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टेस्टचा रिपोर्ट कळतो का, एवढंच बघतात. कंपनी एका पदासाठी एक डिग्री बघते. दुसरी डिग्री बायोडेटावर एक ओळ वाढवते, पगारात नाही.

त्यात एक वर्ष जास्त. चार वर्षांत बीई होऊन मुलगी पाचव्या वर्षी पगार आणत असती, तिथे हिची फी भरायची. आणि ती बिट्सची फी. सीओईपीच्या मानाने कितीतरी पट. पाच वर्षांचं हॉस्टेल, मेस, येणंजाणं धरून तीस लाखांच्या पुढे आकडा जातो, हे दाजींना ठाऊक आहे का?

फिजिक्सची आवड असेल तर छानच आहे. पुस्तकं घ्या, वाचा. आवडीला डिग्री कशाला लागते?

निवृत्त_मास्तर

वायरमन, तुमचा मुद्दा नोकरीपुरता बरोबर, पण इतिहास वेगळं सांगतो. पॉल डिरॅक १९२१ साली ब्रिस्टलमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी मिळेना, म्हणून तिथेच गणित केलं आणि मग १९२३ मध्ये केंब्रिज गाठलं. जॉन बार्डीनचं बीएस आणि एमएस दोन्ही विस्कॉन्सिनहून इलेक्ट्रिकलमधलं, नंतर प्रिन्स्टनला गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं आणि अतिवाहकतेच्या सिद्धान्तासाठी १९७२ चं, अशी भौतिकशास्त्राची दोन नोबेलं मिळालेला तो आजवरचा एकमेव माणूस. इलेक्ट्रिकलने त्यांचं काही बिघडवलं नाही.

वायरमन

मास्तर, तुमचे दोघेही आधी इलेक्ट्रिकल, मग फिजिक्स असे गेले. एकामागून एक. एकाच आठवड्यात दोन्ही टेस्ट दिल्या नाहीत. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडतंय. आधी सीओईपी करू दे, मग फिजिक्स.

निवृत्त_मास्तर

निरुत्तर. पण बीई नंतर एमएस्सी फिजिक्सला प्रवेश मिळवताना बीएस्सीची अट आडवी येते, हे मी बऱ्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. सगळीकडे नसते, पण असते. इंजिनिअर झालेल्या पोराला फिजिक्सकडे वळायला वाट आहे, रस्ता नाही.

डिश_आणि_डबा

रेडिओ दुर्बिणींच्या रिसीव्हरवर काम करतो, म्हणून या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘फायदा होतो का’ याचं उत्तर ती पुढे कुठलं काम करणार यावर आहे. सबस्टेशनवर जायचं असेल तर वायरमन शंभर टक्के बरोबर. पण काही कामं अशी आहेत जिथे यातला एकच विषय येणारा माणूस अर्ध्यावर अडकतो.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन हातांवर पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की रिसीव्हरमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाटच त्याच्यावर बसतो. हा गोंगाट येतो कुठून? साध्या रेझिस्टरमधूनसुद्धा येतो. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर, काही न जोडता, दर वर्गमूळ हर्ट्झला साधारण ४ नॅनोव्होल्ट असतात. १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मोजलं तर ०.४ मायक्रोव्होल्ट. बेल लॅब्जमध्ये जॉन्सनने हे मोजलं आणि नायक्विस्टने त्याचं गणित १९२८ मध्ये मांडलं. ते गणित थेट उष्मागतिकीतून येतं. इलेक्ट्रिकलच्या वर्गात हे एक सूत्र म्हणून देतात, फिजिक्सच्या वर्गात ते काढतात. रिसीव्हर डिझाइन करणाऱ्याला दोन्ही लागतं: का येतो हेही, आणि कुठला ॲम्प्लिफायर कुठे बसवला म्हणजे कमी त्रास देईल हेही.

दुर्बिणीचं अद्ययावतीकरण झालं तेव्हा एका वेळी पकडता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर गेला. मागचं सगळं डिजिटल काम एफपीजीए (आतली रचना हवी तशी बदलता येणारी चिप) आणि ग्राफिक्स प्रोसेसरवर चालतं. आणि वायरमनसाहेब, तुमचं खातं आमचं जुनं दुखणं आहे. विजेच्या तारांवर सैल इन्सुलेटरपाशी ठिणग्या पडतात ना, त्यांचा गोंगाट थेट आमच्या डेटात उतरतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहतंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन हात, टोकांना आरसे. गुरुत्वीय लहर आली की हाताची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी बदलते. आता गंमत बघा. जमीन सतत हलत असते, त्यामुळे आरसे जागेवर धरायला फीडबॅक लागतो, म्हणजे निव्वळ कंट्रोल सिस्टिम्स. आणि कमी फ्रिक्वेन्सीला त्या कंट्रोलचाच गोंगाट मोजमापात मिसळतो. तिथे ‘मी फिजिक्सवाला, कंट्रोल लूप तुम्ही बघा’ म्हणून भागत नाही.

वायरमन

इन्सुलेटर बदलायला पाठवतो माणूस. पत्ता द्या. 😄

चला, तुमच्या खात्यात दोन्ही लागतं हे मान्य. पण अशा जागा किती? हाताच्या बोटांवर.

डिश_आणि_डबा

दुर्बिणीत कमीच, खोटं कशाला बोलू. पण तीच कौशल्यं सेमीकंडक्टर, फोटॉनिक्स, एमआरआय मशीन, उपग्रहावरची उपकरणं, सगळीकडे चालतात. राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३ कोटींचं, २०३१ पर्यंत. त्यातला सेन्सिंगचा हब आयआयटी मुंबईकडे आहे. क्वांटम कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना समीकरणं दिसतात. प्रयोगशाळेत गेलात तर मायक्रोवेव्हच्या केबली, मिक्सर, फिल्टर आणि एफपीजीएचे बोर्ड दिसतील.

ऑस्टिनकर_मावशी

माझ्या मुलाने इकडे टेक्सासमध्ये फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल दोन्ही केलं म्हणून लिहिते. अमेरिकेत यात एक मेख आहे. डबल मेजर म्हणजे एकच डिग्री, तिच्यावर दोन विषय. ड्युअल डिग्री म्हणजे खरोखर दोन प्रमाणपत्रं, आणि बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी नेहमीच्या १२०-१२५ क्रेडिट्सवर आणखी ३० एक लागतात. फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल बहुधा वेगवेगळ्या कॉलेजांत असतात, एक सायन्सच्या आणि दुसरं इंजिनिअरिंगच्या, म्हणून ड्युअल डिग्रीच करावी लागते. आमच्याकडे अर्धीअधिक क्रेडिट्स दोन्हीकडे धरली गेली, कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स वगैरे. सगळ्यात जास्त छळलं ते वेळापत्रकाने. फिजिक्सचं प्रगत लॅब आणि इलेक्ट्रिकलचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकाच दुपारी. तिला गोव्याला फोन करून हेच विचारायला सांगा: टाइमटेबल आपटलं तर काय करतात?

झुआरीकर

बरोबर प्रश्न. अनिवार्य विषय शक्यतो आपटत नाहीत, कारण ड्युअलवाली मुलं बरीच असतात आणि त्यांना धरूनच टाइमटेबल बनतं. इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय मात्र आपटतात, आणि हवा तो विषय सोडावा लागला म्हणून माझी चिडचिड झालेली आहे.

कर्वे_रोड

पर्याय कुणी सांगितलेच नाहीत, म्हणून मी सांगतो. मुलगा पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आहे, त्यामुळे गेली काही वर्षं घरात हाच विषय.

आयआयटी मुंबईत इंजिनिअरिंग फिजिक्स ही चार वर्षांची बीटेक आहे, आणि इलेक्ट्रिकलचं मायनर, म्हणजे जोडविषय, जोडता येतं. तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ-विज्ञान संस्थेत इंजिनिअरिंग फिजिक्सचं बीटेक आणि पुढे मास्टर्स असा पाच वर्षांचा कोर्स आहे. दोन्हीकडे जेईई अॅडव्हान्स्ड लागते, त्यामुळे तुमच्या भाचीला आता तो दरवाजा बंद असेल. सीओईपीत गेली तरी बीटेकमध्ये १८-२० जादा क्रेडिट्सचं मायनर घेण्याची सोय एआयसीटीईने ठेवलेली आहे, कुठली मायनर देतात ते कॉलेजात विचारा. उलट बाजूने, नव्या शैक्षणिक धोरणात बीएस्सीला फिजिक्स मेजर आणि इलेक्ट्रॉनिक्स मायनर हे आता पुण्यातल्या कॉलेजांतही होतं.

आणि एक नवी वाट. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली. (तेव्हाचे अध्यक्ष जगदेश कुमार स्वतः आयआयटी दिल्लीचे इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक, हा योगायोग मला भारी आवडतो.) दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करायच्या तर वेळा आपटता कामा नयेत, ते बीई आणि बीएस्सीला जवळपास अशक्यच. पण आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सची बीएस सुरू केली आहे. शिकणं ऑनलाइन, लॅबसाठी मात्र चेन्नईला जावं लागतं. माझ्या मुलाचा एक मित्र फिजिक्सची बीएस्सी आणि हे असं दोन्ही करतोय. खर्च बिट्सच्या आसपाससुद्धा जात नाही.

वायरमन

हे कर्वे रोडवाले खरे हुशार. स्वस्तातलं कुणी सांगतच नव्हतं.

झुआरीकर

स्वस्त आहे, मान्य. पण ते करायला शिस्त कितीतरी जास्त लागते. हॉस्टेलमध्ये शेजारच्या खोलीत तेच भोगणारा कुणीतरी असतो, रात्री तीनला त्याला उठवून विचारता येतं. घरी एकट्याने दोन कोर्स ओढणं मला तरी झेपलं नसतं.

निशिगंधा_सांगली

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भाचीला धागा वाचायला दिला. पहिल्यांदाच आपणहून बोलली. तिचे दोन प्रश्न: (१) एकच विषय दोनदा शिकवतात का? (२) पहिल्या वर्षी सीजीपीए पडला आणि ट्रिपल ई नाही मिळालं तर?

झुआरीकर

(१) शिकवतात, आणि मला विचाराल तर सगळा माल तिथेच आहे. मॅक्सवेलची समीकरणं फिजिक्सच्या वर्गात आली तेव्हा सगळा भर क्षेत्रावर, ऊर्जा कुठून कुठे वाहते यावर. तीच इलेक्ट्रिकलच्या वर्गात ट्रान्समिशन लाइन म्हणून आली, आणि प्रश्न एवढाच की लोड जुळवला नाही तर किती परत येतं. आधी वैताग येतो, कारण खुणासुद्धा वेगळ्या. फिजिक्सवाले काल्पनिक संख्येला आय म्हणतात, इलेक्ट्रिकलवाले जे, कारण आय त्यांनी करंटला देऊन टाकलेला. लहर लिहिताना वेळेचं चिन्ह एकीकडे उणे, दुसरीकडे अधिक. टेस्टमध्ये एकाची सवय दुसऱ्यात घुसली की अख्खं उत्तर उलटं.

पण एक प्रसंग सांगतो. फिजिक्सच्या लॅबमध्ये आमच्या एका रीडिंगवर ५० हर्ट्झचा उंचवटा येत होता. ग्रुपमधले निव्वळ फिजिक्सवाले त्याचं सरासरी काढून घालवायच्या मागे. आम्ही दोघं ड्युअलाइट, म्हणजे दोन डिग्र्यांवाले होतो, आम्हाला अर्थिंगचा संशय आला. एक उपकरण या भिंतीच्या सॉकेटवर, दुसरं पलीकडच्या, दोघांचं अर्थ वेगळ्या वाटेने जातंय आणि मधल्या केबलीच्या आवरणातून लूप पूर्ण होतोय. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणलं, उंचवटा जवळजवळ गायब. सरांनी विचारलं, कुठल्या पेपरात वाचलंत? म्हटलं, मशीन्सच्या लॅबमध्ये.

(२) नाही मिळालं तर खालच्या पसंतीची शाखा मिळेल. पसंतीक्रम भरताना ‘फक्त इलेक्ट्रॉनिक्सच’ असा हट्ट धरू नये. फिजिक्ससोबत मेकॅनिकल करून क्रायोजेनिक्समध्ये गेलेला माझा मित्र आहे, मजेत आहे. पण भाचीला फिजिक्स नुसतं शिडी म्हणून हवं असेल, म्हणजे ‘कसंही करून बिट्सची इंजिनिअरिंग’, तर येऊ नको म्हणून सांगा. माझ्या बॅचमध्ये असे बरेच होते. दुसऱ्या वर्षी क्वांटमच्या वर्गात त्यांची तोंडं बघवत नव्हती, आणि जी डिग्री नकोच होती ती पाचव्या वर्षापर्यंत गळ्यात.

वायरमन

हे मात्र लाखातलं बोललात. आणि अर्थिंग ओळखलंत म्हणजे तुम्ही आमच्यातले. निशिगंधाताई, पोरगी रात्री दोनला क्वांटम बघते ते कुणाच्या सांगण्यावरून नाही ना? मग माझा विरोध निम्मा समजा. उरलेला निम्मा पैशाचा आहे, तो कायम.

निशिगंधा_सांगली

कुणाच्या सांगण्यावरून नाही हो, उलट ओरडा खाऊन बघते.

पैशाचं मी बघतेय, माझाच प्रांत आहे तो. बिट्समध्ये मेरिट-कम-नीड स्कॉलरशिप असते असं दिसलं, त्यात ट्यूशन फीचा काही भाग सुटतो. दाजींचं उत्पन्न त्यात बसतंय का ते तपासतेय. उरलेलं शैक्षणिक कर्ज. दाजी काल म्हणाले, “पहिल्या वर्षाचे पैसे भरतो, पुढचं तिचे मार्क बघून.” म्हटलं, एवढं पुष्कळ झालं.

कॅपचं काय करू? नाव काढून घेऊ का?

कर्वे_रोड

अजिबात नको. बिट्सच्या पुढच्या फेऱ्या व्हायच्या आहेत, त्यात वरच्या पसंतीला सरकू शकते. तोवर कॅप चालू ठेवा. दोन्हीकडे पैसे भरायची वेळ आली तर कुठल्या तारखेपर्यंत प्रवेश सोडला म्हणजे किती परत मिळतात, हा तक्ता आधी वाचा, मगच भरा. मूळ कागदपत्रं कुठे जमा करायची आणि कधी, तेही विचारून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला एकच असतो, आणि ऐन वेळी सगळ्यांची गाडी तिथेच अडते.